शांत भूमध्य बेट सुचवा : सप्टेंबर, आम्ही दोघंच

शेवगा

नमस्कार मंडळी.

लेक व्हिएन्नाला शिकते. सप्टेंबरमध्ये मी आणि आमचे हे तिच्याकडे जाणार आहोत. मध्येच तिची परीक्षा आहे, तेव्हा तेवढा आठवडा तिला मोकळं सोडून आम्ही दोघं भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर राहून यावं म्हणतो.

मागे एकदा ग्रुप टूरनं युरोप पाहिला. रोज पहाटे बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बसमध्ये. या वेळी एकच खोली, एकच गाव आणि समोर समुद्र हवा. दोनतीन दिवसांत दुकानदार ओळखायला लागेल इतकं लहान गाव. यांची मार्चमध्ये बँकेतून निवृत्ती झाली आणि इतक्या वर्षांत त्यांना सलग आठवडाभर रिकामं बसलेलं मी पाहिलेलं नाही. ते मला पाहायचं आहे.

अडचणी सांगते. यांचा उजवा गुडघा दुखतो, पायऱ्या जमत नाहीत. हे पक्के शाकाहारी. मी मालवणची, मला मासे आणि पोहणं दोन्ही हवं. गाडी चालवायची नाही. सँटोरिनी बऱ्याच जणांनी सुचवलं, पण सूर्यास्तासाठी गर्दीत उभं राहायची माझी तयारी नाही.

कोणी अशा ठिकाणी राहून आलं असेल तर लिहा. यादी नको, अनुभव हवा.

उंबरठा

शेवगाताई, माल्टाचं गोझो बघा. इंग्रजी सगळ्यांना येतं, हा मोठा फायदा. माल्टाच्या चिर्केव्वा धक्क्यावरून फेरीनं पंचवीस मिनिटांत पोचता. जगांतिया म्हणून पाच हजार वर्षांहून जुनी दगडी मंदिरं आहेत, पिरॅमिडच्याही आधीची, आणि तिथे फिरायला फार चढउतार नाही. समुद्रातली ती प्रसिद्ध दगडी कमान मात्र २०१७ च्या मार्चमध्ये वादळात कोसळली, जुने फोटो पाहून त्या आशेनं जाऊ नका.

बस आहेत, पण बऱ्याचशा राजधानी व्हिक्टोरियावरून फिरून जातात. जिथे पोहायचं तिथेच मुक्काम करा. आम्ही श्लेंडीला राहिलो होतो. छान वाटलं, पण निवांत म्हणाल तर संध्याकाळी सहानंतर, दिवसभराचे लोक माल्टाला परत गेल्यावर.

ग्राझकर

शेवगाताई, व्हीसला जा. क्रोएशियातलं बेट आहे, स्प्लिट बंदरातून बोटीनं जायचं. मी मूळचा दापोलीचा, आता ऑस्ट्रियात ग्राझला असतो. इथून स्प्लिट गाडीनं सहासात तासांवर, त्यामुळे त्या किनाऱ्यावर आमचं जाणं होत असतं. ह्वार आणि ब्राच ही बेटंही चांगली आहेत, पण पाय वळतात ते व्हीसकडे. जरा सविस्तर लिहितो.

हे बेट असं राहिलं कसं, ते आधी सांगतो, म्हणजे तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा अंदाज येईल. युगोस्लाव्हियाच्या काळात व्हीस हा लष्करी तळ होता. १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे यायची परवानगीच नव्हती. शेजारच्या बेटांवर मोठमोठी हॉटेलं उभी राहिली त्या दशकांत इथे डोंगर पोखरून बोगदे खणले जात होते. उत्तर किनाऱ्यावर युद्धनौका आणि पाणबुड्या लपवायचा एक बोगदा अजून तसाच आहे, बोटीनं थेट आत जाता येतं. सैन्य १९९२ मध्ये गेलं. मागे राहिलं न बांधलेला किनारा, द्राक्षमळे आणि दोन गावं : पूर्वेकडे व्हीस, पश्चिमेकडे कोमिझा. मध्ये दहाएक किलोमीटरचा घाटरस्ता.

पण या शांततेला दुसरीही बाजू आहे आणि ती माहीत असलेली बरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फायलोक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षवेली मारल्या. बेट वाइनवर जगत होतं, त्यामुळे माणसं निघाली. कोमिझाचे कोळी तर कॅलिफोर्नियाच्या सॅन पेड्रो बंदरात जाऊन स्थिरावले, तिथल्या मासेमारीत आणि डबाबंद माशांच्या कारखान्यांत. आज बेटावर जेमतेम साडेतीन हजार माणसं आहेत, शंभर वर्षांपूर्वी याच्या दुपटीहून जास्त होती. डोंगरावर पाहाल तिकडे दगडी बांध दिसतात, एकावर एक, पार वरपर्यंत, आणि त्यात आता नुसती पाइनची झाडं. एकेक दगड उचलून ते बांध रचणाऱ्यांची घरं कुलूपबंद आहेत. दापोलीकडच्या आमच्या वाडीतली निम्मी घरं मुंबईला गेली आहेत, म्हणून असेल, मला ते बांध नुसते देखावा म्हणून पाहता येत नाहीत. तुम्हीही तिथे राहाल तर कोणा स्थानिकाच्या घरात राहा, त्याचीच वाइन आणि तेल विकत घ्या. बेटावर माणसं टिकली तर ते टिकणार आहे.

आता राहायचं कुठे. बरेच लोक कोमिझा सांगतील. गाव देखणं आहे, पण मागच्या गल्ल्या चढाच्या, यांच्या गुडघ्याला त्रास. तुम्ही व्हीस गावातला कुत हा भाग निवडा. बोट लागते तिथपासून कुतपर्यंत पाण्याच्या कडेनं सपाट रस्ता आहे, दोनेक किलोमीटर, वाटेत बसायला बाक. सोळाव्या-सतराव्या शतकातली दगडी घरं, बऱ्याचशांत वरच्या मजल्यावर खोल्या भाड्यानं देतात. बुक करताना एवढंच विचारा : खोली तळमजल्यावर आहे का? फोटोत जिना दिसत नाही.

कुतच्या पुढे चालत ग्रांदोवाच नावाची पोहायची जागा आहे. वाळू नाही, गोटे आहेत. सगळ्या बेटावर बहुतेक तसंच, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट आधीच घ्या. खडकांवर सी अर्चिन असतात, काटा पायात मोडला की सुट्टी संपली. पाणी मात्र असं स्वच्छ की छातीभर पाण्यात उभं राहून आपली बोटं मोजता येतात. सप्टेंबरात उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो, तेवीस अंशांच्या आसपास. तुमचा महिना अगदी योग्य आहे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला प्रिरोवो नावाचं छोटं भूशिर आहे, त्यावर फ्रान्सिस्कन मठ. मठाच्या भिंतीला एके ठिकाणी गोलाई आहे, कारण तो रोमन नाट्यगृहाच्या अवशेषांवर बांधलाय. त्याच्याही आधी इथे इस्सा नावाचं ग्रीक नगर होतं, सिराक्यूजच्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वसवलेलं. तिकीट काढून रांगेनं बघायचं असं यात काही नाही. संध्याकाळी फिरायला निघालं की वाटेत ते लागतं.

एक दिवस बसनं कोमिझाला जा. धक्क्यावरच्या जुन्या व्हेनेशियन किल्ल्यात मासेमारीचं संग्रहालय आहे. तुम्ही मालवणच्या, तुम्हाला ते सोडवणार नाही. फाल्कुशा नावाची तिथली होडी बघा. दूर समुद्रात पालाग्रुझा नावाचा एक खडक आहे, बेचाळीस सागरी मैलांवर, आणि तिथलं पाणी सार्डिननं भरलेलं असायचं. पण होडी ओढून मासे खारवायला त्या खडकावर जागा फारच थोडी, जो आधी पोचेल त्याची. म्हणून सगळ्या होड्या एकदम सोडत, शर्यतच, आणि वारा पडला तर तेवढं अंतर वल्हवत जायचं. या शर्यतीची नोंद १५९३ पासून सापडते. होडीच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या फळ्या काढता-घालता येतात : शिडावर जाताना लावायच्या म्हणजे लाट आत येत नाही, वल्हवताना काढायच्या म्हणजे वल्ही मोकळी चालतात. मला त्या फळ्यांपुढून हलवेना. किनारा, वारा आणि पोट या तिन्हींचा विचार करून कोणा सुतारानं ते काढलंय.

आणि एक काम करू नका. स्प्लिटहून स्पीडबोटीनं दिवसात पाच बेटं दाखवणारी सहल असते, ती घेऊ नका. बिशेवो बेटावरची निळी गुहा त्यात मुख्य. गुहा खरंच अद्भुत आहे : ऊन पाण्याखालच्या भोकातून आत शिरतं, तळावरच्या पांढऱ्या दगडावरून परततं आणि आतलं पाणी खालून पेटल्यासारखं दिसतं. पण आत छोट्याच होडीतून, मान खाली घालून जायचं असतं, काही मिनिटं थांबायचं असतं आणि ऐन उन्हाळ्यात बाहेर लांब रांग असते. तुम्ही बेटावर राहणार, तेव्हा समुद्र शांत असेल त्या सकाळी कोमिझाहून जा. वारा असेल तर गुहा बंदच ठेवतात. नाही झालं तर नाही.

तिसरी_स्लिप

ग्राझकर, उत्तम लिहिलंत. पण व्हीसचं नाव निघालं आणि क्रिकेट राहिलं!

नेपोलियनशी युद्ध चाललं होतं तेव्हा ब्रिटिश आरमारानं या बेटावर तळ टाकला होता. कॅप्टन विल्यम होस्टनं १३ मार्च १८११ ला इथल्याच समुद्रात आपल्याहून मोठ्या फ्रेंच-व्हेनेशियन ताफ्याचा पराभव केला. बेटावर करमणूक काही नव्हती, तेव्हा त्यानं आपल्या खलाशांसाठी क्रिकेट सुरू केलं. त्यानंतर ते पार विसरलं गेलं आणि अलीकडे बेटावरच्या लोकांनीच पुन्हा उभं केलं. क्लबला नाव होस्टचंच आहे. मैदान बेटाच्या मधल्या पठारावर, द्राक्षमळ्यांच्या शेजारी. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली त्याच पठारावर दोस्तांची धावपट्टी होती, इटलीतल्या आपल्या तळांपर्यंत परत न पोचू शकणारी मोडकी बॉम्बर विमानं तिथे उतरायची. किती वैमानिकांचे जीव त्या मातीनं वाचवले असतील!

शेवगाताई, साहेबांना क्रिकेटची आवड असेल तर टॅक्सीनं तिकडे नक्की न्या. बंदराच्या तोंडाशी ब्रिटिशांनी बांधलेला फोर्ट जॉर्जही आहे, दारावर त्यांचा झेंडा दगडात कोरलेला.

लाटकर

एक वेगळं मत नोंदवतो. व्हीस आता तितकंसं अनाघ्रात राहिलेलं नाही. स्तिनिवा नावाची तिथली खाडी २०१६ मध्ये युरोपातला सर्वोत्तम किनारा म्हणून गाजली आणि तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या तोंडाशी बोटींची दाटी असते. याट घेऊन येणारे संध्याकाळी बंदरात उतरतात, त्यामुळे कुतमधली जेवणंही महागली आहेत.

खरी शांतता हवी तर त्याच्याही पलीकडचं लास्तोवो. तेही परदेशी लोकांना बंद असलेलं लष्करी बेट होतं. २००६ पासून निसर्ग उद्यान आहे, वस्ती हजाराच्या आत. रात्री आकाश असं दिसतं की बोलणं थांबतं. घरांच्या धुराड्यांचे नाना आकार हे तिथलं वैशिष्ट्य.

ग्राझकर

लाटकर, लास्तोवोबद्दल पूर्ण सहमत, मलाही ते बेट फार प्रिय आहे. पण गाव डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलंय आणि गाडीशिवाय तिथे अडायला होतं. दुखरा गुडघा घेऊन ते नको वाटतं. स्तिनिवाचं तुमचं म्हणणं खरं आहे. वरून उतरायची वाट दगडांची आणि उभी आहे, तेव्हा शेवगाताईंनी तिकडे जायचंच नाही. दक्षिणेला रुकावाचजवळ स्रेब्रना म्हणून मोठ्या, गुळगुळीत, पांढऱ्या गोट्यांचा किनारा आहे, मागे पाइनची सावली. गाडी बरीच जवळ जाते. तिथे पुस्तक घेऊन अख्खा दिवस बसता येतं.

तिसरी_स्लिप, आभार. ते मैदान मी पाहिलंय आणि तिथे बॅट हातात घेतलेली क्रोएशियन मुलं पाहून फार आनंद झाला होता.

शेवगा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ग्राझकर, तुमची पोस्ट यांना वाचून दाखवली. होडीच्या फळ्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. क्रिकेटचं ऐकून तर स्वारी तयारच झाली. म्हणजे व्हीस ठरलं असं समजा.

आता माझे प्रश्न. एक, यांनी आठवडाभर खायचं काय? दोन, व्हिसा क्रोएशियाचा वेगळा लागेल का? तीन, अचानक दुखलंखुपलं तर? आणि बोट वेळेवर असते ना? परतीचं विमान स्प्लिटहून व्हिएन्नाला आहे.

ग्राझकर

ताई, एकेक सांगतो.

खाणं : खोलीला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळच्या बाजारात टोमॅटो, वांगी, अंजीर, द्राक्षं मिळतात आणि सप्टेंबरातली अंजिरं तर झाडावर पिकलेली. भात-आमटीचं सामान सोबत ठेवा. बाहेर त्यांच्यासाठी ब्लित्वा मागा : चार्डची पालेभाजी, उकडलेला बटाटा, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल. ताकात कालवलेल्या पालेभाजीवर वाढलेल्या माणसालाही आवडते. शिवाय निखाऱ्यावर भाजलेल्या भाज्या, चीज, पास्ता कुठेही. एका गोष्टीला मात्र जपा : पोगाचा नावाची भरली रोटी बेकरीत मोहक दिसते, पण आत खारवलेले मासे आणि कांदा असतो. कोमिझाच्या पोगाचात टोमॅटोही घालतात, व्हीसच्या नाही, आणि यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर येतात. ती तुमच्यासाठी, दोन्ही प्रकार खाऊन बघा.

तुमच्यासाठी दुसरं म्हणजे पेका. आपल्या रायगडात पोपटी लावतात त्याच जातीचा प्रकार : ऑक्टोपस किंवा कोकरू बटाट्यांबरोबर पसरट भांड्यात घालून वर लोखंडी घुमटासारखं झाकण, आणि झाकणावर निखारे. दोनतीन तास लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं. एकाच माणसासाठी सहसा करत नाहीत, तेव्हा यांच्यासाठी भाज्यांचा पेका वेगळा लावतील का ते विचारा. मळ्यांमधल्या खानावळी ऐकतात. तिथली वुगावा नावाची पांढरी वाइन याच बेटाची खासियत आहे, चव घेत असाल तर जरूर घ्या.

व्हिसा : वेगळा नको. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, आणि चलनही युरो झालंय. तुमचे जास्त दिवस व्हिएन्नात जाणार, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा. नियम तोच आहे, जिथे मुक्काम सर्वांत जास्त तिथे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. कार्यक्रम लिहून देताना व्हीसच्या घराचं बुकिंगही जोडा, लपवायचं काही कारण नाही. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतोच, यांच्या गुडघ्याचं जुनं दुखणं त्यात बसतं का ते नीट वाचून घ्या.

दवाखाना : बेटावर डॉक्टर आहेत, पण मोठं इस्पितळ स्प्लिटला. रोजची औषधं चार दिवस जास्तीची ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, ब्रँडची नावं तिथे वेगळी असतात.

बोट : मोटारी नेणारी मोठी फेरी स्प्लिटहून सुमारे दोन तास वीस मिनिटांत पोचते, कॅटामरान, म्हणजे फक्त माणसं नेणारी वेगवान बोट, दीड तासात. मोठीच घ्या. वर उघड्या डेकवर बसता येतं आणि समुद्र खवळला तर कॅटामरान आधी रद्द होतात. तिथे युगो नावाचा दक्षिणेचा वारा सुटतो, दमट, ढगाळ, दोनतीन दिवस चालणारा. सप्टेंबरच्या शेवटाकडे त्याची शक्यता वाढते. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच स्प्लिटला या आणि एक रात्र तिथे काढा. धक्का, बसस्थानक आणि रेल्वे सगळं शेजारीशेजारी आहे, आणि रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा तिथून सपाट रस्त्यानं चालत दहा मिनिटांवर. सतराशे वर्षांच्या त्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात.

शेवगा

सगळं उतरवून घेतलं. तळमजल्यावरचं, स्वयंपाकघर असलेलं कुतमधलं एक घर लेकीनं कालच शोधलं. मालकीणबाईंनी निरोपात लिहिलंय की अंगणात अंजिराचं झाड आहे, हवी तेवढी काढा. एक शेवटचं : घरभाडं रोख मागतायत, हे नेहमीचं आहे का?

ग्राझकर

हो, घरगुती खोल्यांना बऱ्याच ठिकाणी रोखच चालते, त्यात वावगं काही नाही. पावती आणि पर्यटक म्हणून नोंदणी तेवढी मागा, ती त्यांना करावीच लागते आणि तुम्हालाही कागद म्हणून बरी. गावात एटीएम आहेत. मळ्यातल्या खानावळीत जाताना आणि बसला थोडे सुटे युरो जवळ ठेवा. आणि फेरीच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, ऑगस्टच्या शेवटी एकदा पुन्हा बघून घ्या.

तिसरी_स्लिप

शेवगाताई, मैदानावर सामना कधी आहे ते क्लबला आधी मेल करून विचारा. आठवड्यात एखादा असेल तर त्याच दिवशी टॅक्सी सांगा, परतीचीही तेव्हाच ठरवा. वर मळ्यांत उभं राहून टॅक्सी मिळत नाही.